गुलाबी झाडांपाशी डावीकडे

फेब्रुवारीत कॅनडात, माँट्रियलला यायचं हा आईचाच हट्ट. "बर्फ बघायचाय," म्हणाली. बर्फ दोन दिवसांत बघून झाला. तिसऱ्या दिवशी बाहेर उणे 22, फुटपाथ गुळगुळीत, आणि तिचे गुडघे आधीच कुरकुरणारे. पण रोज अर्धा तास चालल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. मग तिचा फेरफटका मी जमिनीखाली हलवला.

या शहराच्या मध्यभागाखाली तीस किलोमीटरहून जास्त लांबीचं वाटांचं जाळं पसरलंय. 1962 मध्ये प्लास व्हिल मारी ही उंच इमारत उभी राहिली आणि तिच्या पोटातला बाजार शेजारच्या रेल्वे स्टेशनला जोडला गेला. 1966 मध्ये मेट्रो आली. मग एकेका इमारतीने आपापलं तळघर या वाटांना जोडून घेतलं. 2004 पासून सगळ्या जाळ्याला 'रेझो' म्हणतात. एका माणसाने बसून आखलेलं हे काम नव्हे, तुकड्यातुकड्याने वाढलेलं. मालक बदलला की पायाखालची फरशी बदलते, एवढीच काय ती खूण. ऊन नाही, आकाश नाही, मोबाइलवरचा निळा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो. पहिल्या हिवाळ्यात मी इथे इतक्यांदा चुकले, की ऑफिसात उशिराचं ते कारण पुढे कुणी ऐकूनच घेईना.

आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "स्वच्छ आहे, ऊबदार आहे. पण कुठे आलोय असं वाटतच नाही गं."

दहा वर्षं इथे राहून मला जे नेमकं सांगता येत नव्हतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाले दे काँग्रेमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या सभा-संमेलन केंद्रात नेलं. जिना चढून वर आलो आणि ती थबकली. समोर 52 झाडं. काँक्रीटची, नुसती खोडं, आणि रंग भडक लिपस्टिकचा गुलाबी. क्लोद कॉर्मिए या उद्यानरचनाकाराची ही करामत. माँट्रियलमधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगाला सलाम म्हणून त्याने हा रंग निवडला. बाहेर खरी झाडं काळी पडून उभी असताना आत हा गुलाबी दंगा. आई एका खोडाला हात लावून आली आणि म्हणाली, "हे पुसतं कोण?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण त्यानंतर आमच्या बोलण्यात 'त्या गुलाबी झाडांपाशी डावीकडे' असं येऊ लागलं. जिला एकाही फ्रेंच पाटीचा उच्चार जमत नव्हता, तिला रस्ता सापडायला लागला.

तेव्हापासून बोगद्यातल्या कलेला मी हीच कसोटी लावते: लोक तिच्यापाशी भेटायचं ठरवतात का? संग्रहालयात आपण बघायलाच जातो. इथला माणूस अंगात जाड कोट, हातात कॉफी आणि डोक्यात नऊ वाजताची मीटिंग घेऊन सुसाट निघालेला असतो. त्याला थांबवून कथा सांगू बघणारं चित्र बहुधा हरतंच. एका बँकेच्या इमारतीखाली स्टीलचा एक मोठा वेटोळा आहे. रोज हजारो लोक त्याला वळसा घालून जातात, पण वर बघताना मी अजून कुणाला पाहिलं नाही. जाहिरातीसारखे लुकलुकणारे पडदे तर मी कलेत मोजतच नाही.

चित्राने कथा सांगावी की नाही, हा वाद मेट्रोत सुरुवातीपासूनचा आहे. तिथल्या कलेची सूत्रं पहिल्यांदा रोबेर लापाम या व्यंगचित्रकाराकडे होती. त्याला शहराचा इतिहास सांगणारी चित्रं हवी होती. फ्रेडरिक बाकने 1967 मध्ये प्लास-देझ-आर स्टेशनात केलेलं, मागून दिवे लावलेलं काचचित्र त्याच धाटणीचं. त्यात माँट्रियलच्या संगीताचा इतिहास आहे. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण पुरतं बघायचं तर गर्दीच्या वाटेत थांबावं लागतं, आणि मागून धक्के बसतात.

पुढच्याच वर्षी मार्सेल फेराँने शाँ-द-मार्स स्टेशनाच्या वरच्या, ऊन येणाऱ्या भागाला रंगीत काचांची भिंत दिली. त्यात कथा नाही, माणसं नाहीत, नुसते रंगांचे मोठमोठे वळसे. तिथे थांबावं लागत नाही. ऊन पडलं की लाल-निळे डाग जमिनीवर उतरतात आणि आपण त्यांतून चालत जातो. आईच्या पांढऱ्या शालीवर जांभळा पट्टा आला, तो तिने दोनदा झटकून पाहिला.

2009 पासून इथे 'आर सूतेरँ' नावाचा कला महोत्सव या वाटांमध्ये भरतो. काही आठवडे कोपऱ्याकोपऱ्यात नव्या कलाकृती दिसतात, मग उचलल्या जातात. गंमत असते, पण नुकतीच पाठ झालेली खूण गेली की माझी पुन्हा पंचाईत होते.

आईची सगळ्यात आवडती जागा मात्र वेगळीच निघाली. गुलाबी झाडांपासून आतल्या आत चालत गेलं की माँट्रियलचं जागतिक व्यापार केंद्र लागतं. जुनी गल्ली तशीच ठेवून वर काचेचं छप्पर घातलंय. पूर्वी शहराचा तट इथून जायचा, म्हणून गल्लीला तटबंदीचं नाव. आणि नेमकं तिथेच बर्लिनच्या भिंतीचं एक खांड उभं आहे. शहराला 350 वर्षं झाली तेव्हा, 1992 मध्ये, बर्लिनने दिलेली भेट. पश्चिम बर्लिनकडच्या अंगाला रंगांचे फराटे, पूर्वेकडचं अंग कोरं. आई दोन्ही बाजूंनी फिरून आली. "रंगवायला यांना जवळ येऊ दिलं, त्यांना नाही," एवढंच म्हणाली आणि बाकावर बसली. पुढे रोज तिथेच बसायची. पलीकडे काळ्या दगडाचं उथळ तळं आहे, त्याच्याकडे तोंड करून.

जायच्या आदल्या आठवड्यात आमची चुकामूक झाली. मी दुकानात रांगेत होते, ती पुढे निघून गेलेली. धावत झाडांपर्यंत आले, तिथे नाही. घाबरून तिला फोन लावला.

"मी भिंतीपाशी बसलेय," ती म्हणाली. "रंगीत बाजूला. ये सावकाश."