धडधाकट बेअरिंग

शनिवार, रात्री

आज गिअरबॉक्स खाली आला. गाडी मावसभावाची, जागा आमची, हत्यारं निम्मी माझी आणि निम्मी उसनी. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, २००३ ची पोर्शे बॉक्स्टर चढवून ठेवलीय. ऊन बेचाळीसच्या घरात, त्यामुळं दुपारी काम बंद ठेवून संध्याकाळी पुन्हा हात घातला.

येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच विचारतो, इंजिन कुठंय? पुढचं झाकण उघडावं तर डिकी, मागचं उघडावं तरी डिकी. इंजिन मधोमध, सीटच्या पाठीमागं दडवलेलं, वरून बघायची सोयच नाही. जे काय करायचं ते गाडीखाली आडवं पडून. समोरचे काका मूळ परभणीचे. वाकून बघितलं आणि म्हणाले, “काय करायलात हो? बंद पडली का?”

“नाही काका, चांगली चालू आहे.”

“मग खोललीत कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून इथं लिहून काढतो.

या इंजिनात पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट यांच्यामध्ये एक तिसरा शाफ्ट आहे. इंटरमीडिएट शाफ्ट, मेकॅनिक मंडळींच्या तोंडी आयएमएस. क्रँकची चेन त्याला फिरवते, तो पुढं दोन्ही बाजूंच्या कॅमच्या चेन ओढतो. ऑइल पंपही त्याच्याच एका टोकावर चालतो. त्या टोकाला साधा, बिनगोळ्यांचा बुश आहे, त्याची कुणाची तक्रार नाही. दुसऱ्या टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला, सील केलेलं बॉल बेअरिंग आहे. सगळी भानगड तिथं.

इंजिनाच्या पोटात चहूकडं ऑइल उडत असताना आत ग्रीस भरून सील केलेलं बेअरिंग का बसवावं, हे मला टूलरूममध्ये इतकी वर्षं काढूनही पटत नाही. जुन्या एअरकूल्ड ९११ मध्ये हाच शाफ्ट साध्या बेअरिंगवर, प्रेशरच्या ऑइलवर फिरायचा आणि सुखात होता. इथं सील गरम होऊन कडक होतं. पातळ ऑइल हळूहळू आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि मग तिथंच अडकून जुनं होत जातं. गोळ्या घासतात, शाफ्ट डुगडुगतो, चेन एखादा दात सोडते. या इंजिनात टायमिंग चुकलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह समोरासमोर. पुढं सांगायला नको.

पण असं सगळ्यांचं होतं का? नाही. अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला, २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. गोळ्यांची एकच ओळ असलेलं बेअरिंग आठ ते दहा टक्के गाड्यांत जातं, हा आकडा तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. सुरुवातीच्या गाड्यांत दोन ओळींचं बेअरिंग होतं, त्याचं प्रमाण फारच कमी. आमची गाडी एका ओळीवाली. म्हणजे आठ-दहा टक्के धरले तरी दहांतल्या नऊ गाड्यांना काही होत नाही, आणि आपण त्या नवांत आहोत का, हे कळायला मार्ग नाही.

रविवार, रात्री

क्लच आणि फ्लायव्हील सकाळीच उतरवलं. मग क्रँक टीडीसीवर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागी, आणून पिन घातली, कॅम लॉक केले, चेनचे टेन्शनर सैल केले. हे सगळं झाल्याशिवाय बेअरिंगवरच्या झाकणाच्या, म्हणजे फ्लँजच्या, तीन बोल्टना हात लावायचा नाही, असं मी भावाला चार वेळा बजावलं. फ्लँज निघाला की शाफ्टला त्या बाजूनं आधार राहत नाही, चेनच्या ओढीनं तो तिरका होतो. टायमिंग तिथं हललं तर आपणच आपल्या हातानं इंजिन मारलं.

आधी ऑइल फिल्टर उलगडून बघून घेतला होता, ते महत्त्वाचं. कागदाची एक-एक घडी उन्हात धरली. धातूची चमकी नाही, काळ्या प्लास्टिकचे तुकडे नाहीत. चमकी निघाली असती तर हे काम मी हातात घेतलंच नसतं. एकदा बेअरिंगचा भुगा ऑइलमधून सगळ्या इंजिनात फिरला की नवीन बेअरिंग घालून काही उपयोग नसतो, अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणजे गंमत बघा, हे बेअरिंग चांगलं आहे तोवरच बदलता येतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “चांगलं हाय तर ऱ्हाऊ द्या की!”

बेअरिंग ओढून काढायचा पुलर मी चिकलठाण्यातल्या मित्राच्या लेथवर ईएन-२४ स्टीलमधून करून घेतला होता. बाहेरून मागवायचा म्हटलं असतं तर त्या पैशात भावाचे टायर आले असते. सर्क्लिप काढली, पुलरचा मधला नट बेअरिंगच्या स्टडवर चढवला, आणि पान्याला जोर द्यायला सुरुवात केली. पाव फेरा. थांब. पाव फेरा. पाना जड होत गेला आणि मग फाडकन आवाज झाला. मांडीवर कुणी टायर फोडावा तसा. भाऊ गाडीखालून सरपटत बाहेर. आतून आई, “काय पडलं रे?” काही पडलं नव्हतं, बेअरिंग जागेवरून सुटलं होतं. पुढचे फेरे बोटानं.

हातात आल्यावर पुसून घेतलं. मागच्या सीलखालून तपकिरी ऑइलचा एक थेंब आला, ग्रीसचा पत्ता नव्हता. म्हणजे पुस्तकात सांगतात ते खरं. पण बाकी? बाहेरची रिंग धरून आतली हलवून बघितली, प्ले नाही, म्हणजे जराही ढिली नाही. सील उचकटून भिंग लावलं, गोळ्या आरशासारख्या. केरोसीनमध्ये धुऊन बोटानं फिरवलं तर जराही खरखर नाही.

भावाचं तोंड पडलं. “दादा, हे तर एकदम ओके आहे.”

त्याला वाईट का वाटलं ते मला कळलं, कारण मलाही थोडं वाटलं. एवढा खर्च, एवढा घाम, तर बेअरिंगनं निदान थोडी खरखर तरी करावी! एखादी गोळी खड्डे पडलेली निघाली असती तर ती आम्ही पोरांना, काकांना, सगळ्यांना दाखवली असती. बघा, वाचलो. आता दाखवायला काहीच नाही. कंपनीत आमचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं असंच असतं. ज्या महिन्यात मशीन बंद पडत नाही त्या महिन्यात मॅनेजर विचारतो, तुमच्या माणसांना काम काय असतं?

संध्याकाळी रिवाइंडिंगवाले मामा आले होते, पाण्याच्या मोटारीसाठी. त्यांनी टेबलावरचं बेअरिंग उचललं, वीसचा बोअर, सत्तेचाळीस बाहेरून, नजरेनंच माप घेतलं. “बासष्ट-चार हाय की ओ हे! आमच्याकडं रोज येतंय.” मापापुरतं बरोबर आहे. ६२०४ म्हणजे घरोघरच्या पाणी खेचायच्या मोटारीत सापडणारं बेअरिंग. भावाला ते काही रुचलं नाही. पोर्शेत आणि पाण्याच्या मोटारीत एकच नंबर, ही गोष्ट तो मित्रांना सांगणार नाही. मी सांगणार आहे.

नवीन जे आहे ते त्याच मापाचं, रिंगा स्टीलच्या, गोळ्या सिरॅमिकच्या, सिलिकॉन नायट्राइडच्या. आणि एका बाजूला सील नाही, म्हणजे इंजिनातलं ताजं ऑइल उडून गोळ्यांपर्यंत पोचेल. मला सिरॅमिकपेक्षा हे उघडं तोंड जास्त पटलं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलंय, थंडीनं किंचित आकसतं आणि मग जागेवर सरळ बसतं. आईनं तिच्या मटारांच्या पिशवीवर ती पुडी बघितली. “हे खायचं नाही ना काही?” एवढंच बोलली.

मंगळवार

काल ऑफिसातून आल्यावर बेअरिंग बसवलं. बेअरिंग ठोकायच्या हत्यारावर हातोडीचे मोजके ठोके, कुठं अडलं नाही. फ्लँजला नवीन सील, बोल्ट नवीन. क्रँकचं मागचं सीलही बदललं, ते कोरडंच बसवायचं असतं, ऑइल लावायचा मोह आवरावा लागतो. हात घातलाच आहे तर क्लच प्लेटही नवीन. लॉक काढून क्रँक हातानं दोन फेरे फिरवला आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून बघितल्या, तेव्हा कुठं गिअरबॉक्स वर चढवायला घेतला. तो चढवणं हे उतरवण्याच्या दुप्पट काम, त्याबद्दल लिहायची ताकद नाही.

एक चीड मात्र लिहून ठेवतो. २००६ पासूनच्या इंजिनात बेअरिंग मोठं केलं, बरंच मजबूत, पण ते केसिंगच्या भोकातून बाहेरच येत नाही. काढायचं तर इंजिन दोन फाकांत उघडायचं. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. म्हणजे उत्तर होतं, द्यायला बारा वर्षं लागली.

रविवार

सकाळी समृद्धी महामार्गावर, सावंगीहून जालन्याच्या बाजूला. मर्यादा १२० ची, तेवढीच. इंजिन मागून छान गुरगुरत होतं, भाऊ दर पाच मिनिटांनी, “दादा, आवाज येतोय का?” कसला आवाज? “तसा नाही, वेगळा.” गाडी नीट चालली की माणसाचे कान असे तयार होतात.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. ऑइल किलोमीटर बघून नाही, वर्ष बघून बदल, आणि दर वेळी फिल्टर उलगडून बघ. दुसरं म्हणजे गाडी झाकून ठेवू नको. उभ्या राहणाऱ्या गाड्यांचंच हे बेअरिंग जास्त जातं, असं यातले जाणकार सांगतात. आमच्या शहरात हे पटवणं अवघड आहे. २०१० मध्ये एका दमात दीडशे मर्सिडीज घेणारं हे शहर, पण किती गाड्या कव्हरखाली असतात ते सोसायट्यांमधून फिरून बघा.

परत येताना तो म्हणाला, जुनं बेअरिंग बिलासकट जपून ठेवतो, पुढं गिऱ्हाईक आलं तर पहिला प्रश्न हाच असतो, आयएमएस केलंय का.

“विकणार आहेस?”

“छे! पण विचारतात ना.”