दुधाच्या दातांवरचे डाग

दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे पुढचे दात किडलेले दिसले की घरात पहिला जाब आईलाच विचारला जातो: चॉकलेट किती देतेस, रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवतेस का? हे प्रश्न अगदीच निरर्थक नाहीत. पण अनेक मुलांचा दात हिरडीबाहेर येतानाच कमकुवत असतो आणि त्याचे कारण पहिल्या चॉकलेटच्या कितीतरी आधी घडून गेलेले असते. माझ्या भाचीची मुलगी आठव्या महिन्यात जन्मली. तिचे वरचे दात आले तेच पिवळसर खळगे घेऊन, आणि सासर-माहेर दोन्हीकडच्या मंडळींनी ते एकमताने 'किडके' ठरवले. तेव्हापासून मी या विषयाकडे बारकाईने पाहू लागले.

दुधाच्या दातांवर खनिजांचे थर चढण्याचे काम गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. पुढच्या दातांचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण बाह्य कवच, जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत पूर्ण होते, तर मागच्या दाढांचे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. या काळात अकाली जन्म, कमी वजन, कुपोषण, गंभीर आजार किंवा आईच्या शरीरात ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असे काही घडले, तर एनॅमल कुठे पातळ व खळगेदार राहते, कुठे जाडी पुरेशी असूनही मऊ राहते आणि खडूसारखे पांढरे किंवा पिवळट-तपकिरी दिसते. अकाली जन्मलेल्या बाळाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घालावी लागली असेल, तर त्यासाठीच्या उपकरणाचा दाब हिरडीवर पडून वरच्या, विशेषतः डाव्या, दातांत असा दोष राहू शकतो. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत नाहीशा झालेल्या असल्यामुळे शरीराला ही उणीव पुढे भरून काढता येत नाही.

दोष म्हणजे कीड नव्हे, मात्र तो किडीची वाट सोपी करतो. दुधाच्या दातांचे एनॅमल मुळातच कायमच्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचे असते. त्यात ते खडबडीत असले की तिथे जंतूंचा थर टिकून राहतो, साखरेपासून आम्ल तयार होते आणि खनिजे विरघळू लागतात. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे गोड दूध सर्वांत घातक ठरते. खालच्या पुढच्या दातांना जीभ आणि लाळ यांचे संरक्षण मिळते. कीड बहुधा वरच्या दातांवर आधी दिसते, ती हिरडीलगतच्या पांढऱ्या पट्टीच्या रूपाने. जन्मजात डाग दात उगवतानाच असतो, ही पट्टी नंतर उमटते; दातांचे फोटो वेळोवेळी काढून ठेवले तर डॉक्टरांना हा फरक ओळखणे सोपे जाते.

पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट लावून तो दिवसातून दोनदा घासावा आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बालदंतवैद्यांना दाखवावे. दोष असलेल्या दातांवर ते फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा चिकट लेप, लावतात. कीड लागलीच असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या औषधाचे थेंब ती बहुतेक वेळा थांबवतात. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो, आणि पालक नेमके तिथेच बिचकतात. खुर्चीत पाच मिनिटेही न बसणाऱ्या मुलासाठी हा काळेपणा मला तरी भूल देऊन केलेल्या उपचारापेक्षा परवडणारा वाटतो. दाढांसाठी स्टीलच्या कॅप असतात. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत त्या दाढ न कोरताच बसवतात.

'दुधाचेच दात, पडायचेच आहेत' हे वाक्य पुढच्या दातांपुरते थोडेफार खरे मानले, तरी दुधाची दुसरी दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. शिवाय त्या दाढेवर मऊ, डागाळलेले एनॅमल असेल, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेतही तसाच दोष निघण्याची शक्यता वाढते. भाचीच्या मुलीची ती कायमची दाढ अजून यायची आहे. ती हिरडीतून डोकावू लागताच दाखवायला आणा, असे तिच्या डॉक्टरांनी आताच बजावून ठेवले आहे.