पान २०५

जावई पुस्तकं जमवतात असं लेकीने लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं, चला, छंद बिनखर्चाचा आहे. मग न्यू जर्सीत, प्लेन्सबरोच्या त्यांच्या घरी माझा तीन महिने मुक्काम पडला आणि ते कपाट दिसलं. काचेची दारं, आत एकाच कादंबरीच्या अकरा प्रती. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड, ‘द ग्रेट गॅट्सबी’. पुन्हा ‘द ग्रेट गॅट्सबी’. पुन्हा तेच.

“वाचनालय काढताय का?” मी विचारलं.

“नाही आई, ह्या वाचायच्या नाहीत. वाचायची ती खाली, सोफ्याजवळ.”

सोफ्याजवळ एक मऊ बांधणीचं, चहाचे डाग पडलेलं पुस्तक होतं. ते वाचायचं. कपाटातली बघायची, आणि तीही हात धुऊन, कोरडे करून. आमच्याकडे सोवळ्यातल्या लोणच्याच्या बरणीला असायचे तसे नियम.

एकदा दुपारी त्यांनी त्यातली गडद हिरव्या कापडी बांधणीची एक प्रत काढली, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, पान २०५ उघडलं आणि म्हणाले, “नववी ओळ वाचा.” एका ऑफिसातली मुलगी वैतागून बोलते आहे. म्हणायचं आहे ‘सिक अँड टायर्ड’, म्हणजे ह्या सगळ्याचा वीट आलाय, आणि छापलंय ‘सिक इन टायर्ड’. मी मान वर न करता म्हटलं, “चूक आहे.”

“करेक्ट!” जावयांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “म्हणून तर घेतली.”

इथे माझं थोडं सांगायला हवं. मी पुण्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. खिळ्यांच्या जमान्यात लागले आणि संगणकाच्या जमान्यात निवृत्त झाले. काना, मात्रा, वेलांटी, रफार यांच्यामागे धावण्यात डोळे गेले. एक ऱ्हस्व-दीर्घ निसटलं आणि पुस्तक बांधून आलं की दोन रात्री झोप यायची नाही. आणि इथे माझ्या लेकीचा नवरा हजारो डॉलर मोजून चूक विकत घेतो, तिला पंच्यावर ठेवतो आणि सासूला दाखवतो.

त्याचं शास्त्र असं. ‘गॅट्सबी’ १० एप्रिल १९२५ ला न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने काढली. किंमत दोन डॉलर, पहिल्या छपाईच्या प्रती २०,८७०. ऑगस्टमध्ये दुसऱ्या छपाईच्या ३,००० काढल्या, तेव्हा सहा दुरुस्त्या केल्या. पान ६० वर लेखकाला एक शब्द बदलावासा वाटला. पान ११९ वर ‘उत्तरेकडचा’ होतं, ते ‘दक्षिणेकडचा’ झालं. पान १६५ वर एक नको असलेला अपॉस्ट्रॉफी गेला आणि एक राहिलेलं पूर्णविरामाचं टिंब आलं. पान २११ वर शिकागोच्या युनियन स्टेशनमध्ये कुठून तरी ‘स्ट्रीट’ घुसला होता, तो काढला. आणि ही आमची पान २०५ वरची. त्या मुलीच्या तोंडी लेखकाला ‘सिकॅन्टायर्ड’ असा एका दमात बोललेला शब्द हवा होता.

तो शब्द मोडून ‘सिक इन टायर्ड’ करणारा कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, मला लगेच ओळखीचा वाटला. आमच्याकडेही एक होते. ग्रामीण कथेत ‘व्हतं’ आलं की ते हमखास ‘होतं’ जुळवायचे. मी दुरुस्त करून पाठवायची, दुसऱ्या प्रुफाला पुन्हा ‘होतं’. वर मलाच म्हणायचे, “ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हे चालतं?” शुद्ध लिहिण्याची हौस अशुद्धीइतकीच नडते.

तर ह्या सहा ठिकाणी दुरुस्ती झालेली नसेल तर प्रत पहिल्या छपाईची. ह्या धंद्यातले लोक अशा खुणांना ‘पॉइंट’ म्हणतात. आणि मजा बघा. दुसरी छपाई फक्त तीन हजारांची, म्हणजे खरं तर जास्त दुर्मीळ, शिवाय निर्दोष. तिला पहिलीच्या मानाने काहीच भाव नाही. मी म्हटलं, “म्हणजे ज्याने त्या सहा दुरुस्त्या केल्या त्याने पुस्तकाचं नुकसान केलं?” जावई म्हणाले, “बाजाराच्या दृष्टीने, हो.” माझ्या एकतीस वर्षांचा हिशेब त्यांनी एका वाक्यात केला. मराठीत ‘ध’चा ‘मा’ झाला तर पेशव्याचा जीव गेला म्हणतात, इथे झाला तर डॉलर मिळतात.

फिट्झजेराल्ड स्वतः स्पेलिंगमध्ये कच्चा होता, हे कळल्यावर तर माझा त्याच्यात जीवच अडकला. असे लेखक मी पाहिले आहेत. वाक्य असं लिहितील की अंगावर काटा यावा, आणि त्याच वाक्यात ‘आशीर्वाद’ चुकवतील. १९२० साली त्याची पहिली कादंबरी आली, ‘दिस साइड ऑफ पॅराडाइज’. तीन हजार प्रती तीन दिवसांत संपल्या, आणि न्यूयॉर्कच्या एका स्तंभलेखकाने तिच्यातल्या चुकांची यादीच वर्तमानपत्रात छापली. फिट्झजेराल्डचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स हे फार मोठे संपादक, पण प्रुफं तपासणं हा त्यांचाही प्रांत नव्हता. संपादक मोठा आणि लेखक मोठा असला की मधल्या प्रुफांना वाली नसतो, हे मी शपथेवर सांगते. एका होतकरू लेखकाला छापा, असं त्याने पर्किन्सना १९२४ साली कळवलं, तेव्हा त्या हेमिंग्वेच्या नावातही एक ‘एम’ जास्त घातला. ‘गॅट्सबी’ निघाल्यावर कवी टी. एस. एलियटना त्याने सही करून प्रत पाठवली. हयात कवींत सर्वश्रेष्ठ म्हणून, तुमच्या उत्साही भक्ताकडून, असं लिहिलं, आणि त्यातलं ‘उत्साही’ चुकवलं. एलियटनी स्पेलिंगबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुस्तक तीनदा वाचलं, असं पत्र १९२५ च्या शेवटच्या दिवशी धाडलं. मोठा माणूस. मी असते तर लाल पेन्सिलने खूण करून प्रत परत पाठवली असती.

जावयांच्या प्रतीला वेष्टण नाही. वेष्टण, म्हणजे वरचं कागदी जॅकेट, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख आहे. निळीशार रात्र, खाली रोषणाई, आकाशात दोन डोळे, ओठ आणि हिरवा अश्रू, असं ते फ्रान्सिस क्यूगाट या चित्रकाराने केलेलं. चित्र पुस्तक पुरं व्हायच्या आधी तयार होतं. लेखकाने पर्किन्सना कळवलं होतं, ते वेष्टण दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलंय. पण झालं असं की वेष्टण पुस्तकापेक्षा किंचित उंच कापलं गेलं. त्यामुळे वरची कड पहिल्यापासूनच दुमडत आणि फाटत गेली, आणि लोकांनी ती टाकून दिली. टाकणारच. वेष्टण हे धुळीपासून बचाव म्हणून असतं. आम्ही तर शाळेच्या पुस्तकांना खाकी कागद घालताना आधी तेच काढायचो. आता वेष्टण नसलेली पहिली प्रत काही हजार डॉलरला मिळते आणि चांगलं वेष्टण असलेली लिलावात लाखाच्या वर जाते. डॉलर. रुपये नव्हेत, मी दोनदा विचारून घेतलं. त्या वेष्टणावरही एक चूक आहे. मागच्या बाजूला ‘जे गॅट्सबी’मधला ‘जे’ लहान लिपीतला पडला, तो शाईने मोठा करावा लागला. आपल्याकडे ही भानगडच नाही. देवनागरीत सगळी अक्षरं एका उंचीची, राजा आणि रंक एका रेषेला लटकलेले.

वेष्टण नाही म्हणून दुसऱ्या प्रतीचं आणून चढवता येतं. त्या प्रतीला इंग्रजीत चक्क ‘मॅरीड’ म्हणतात, म्हणजे लग्न लावलेली. हे सांगून टाकावं लागतं. लपवलं तर फसवणूक. आणि वेष्टणाच्या आतल्या कोपऱ्यातली छापील किंमत कात्रीने कापलेली असली तर भाव उतरतो. ती का कापायचे? पुस्तक भेट द्यायचं असलं की. हे ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. आम्ही किमतीवर पेन फिरवायचो, आणि ती उजेडाकडे धरून वाचणाऱ्या एक मामी आमच्याकडे होत्या.

दुपारी जावई कामात असले की मी त्यांच्याकडे येणारे पुस्तकविक्रेत्यांचे कॅटलॉग चाळायची. ती एक वेगळीच भाषा. ‘फाइन’ म्हणजे उत्तम. ‘व्हेरी गुड’ म्हणजे बरी. ‘गुड’ म्हणजे वाईट. ‘रीडिंग कॉपी’ म्हणजे वाचण्यापलीकडे कशाच्याच उपयोगाची नाही. स्थळांच्या जाहिराती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे शिकवावं लागत नाही. ‘गव्हाळ’, ‘मनमिळाऊ’, ‘स्वभावाने साधी’.

जावयांचं दैवत मात्र दुकानदार नव्हे. मॅथ्यू ब्रुकोली नावाचे एक प्राध्यापक होते. १९४९ साली शाळकरी वयात आईवडिलांबरोबर मोटारीतून जाताना त्यांनी रेडिओवर फिट्झजेराल्डच्या एका कथेचं नाट्यरूप ऐकलं आणि तिथून जे सुरू झालं ते २००८ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत. एकाच पुस्तकाच्या कितीतरी प्रती त्यांनी घेतल्या. त्या सगळ्या नुसत्या हावेपोटी नव्हेत. दोन प्रतींत एखादं टिंब वेगळं असेल तर ते शोधायला. ह्या कामासाठी चार्ल्टन हिनमन नावाच्या शेक्सपिअरच्या अभ्यासकाने एक यंत्रच बनवलं होतं. दोन प्रती शेजारी उघडून ठेवायच्या, आरशांतून दोन्ही पानं एकावर एक दिसतात, दिवे आलटून पालटून लागतात. जिथे फरक असेल तिथे अक्षर हलल्यासारखं दिसतं. हे ऐकून मी गप्पच झाले. आमच्याकडे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि मी प्रुफात बोट फिरवायची, ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण बंद’ असं तासन्‌तास चालायचं. अक्षर आपण होऊन हललं असतं तर माझा चष्मा तीन नंबरने तरी कमी असता.

ब्रुकोलींचा संग्रह आता साउथ कॅरोलायना विद्यापीठात आहे. १९९४ साली गेला. त्यात फिट्झजेराल्डची चामडी ब्रीफकेस आहे. तिच्यावर त्याच्या नावाखाली पत्ता आहे तो ५९७, फिफ्थ अव्हेन्यू. तो त्याच्या घराचा नव्हे, प्रकाशकाचा. ह्या माणसाला कायमचं घर कधी नव्हतंच. १९४० च्या डिसेंबरात हॉलिवूडमध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्या दुसऱ्या छपाईच्या तीन हजारांतल्या काही प्रती गोदामात पडूनच होत्या. पुढे १९४५ साली अमेरिकन सैनिकांना फुकट वाटायला खिशात मावणारी आडवी आवृत्ती निघाली, तिच्या सुमारे दीड लाख प्रती छापल्या. जावयांकडे त्यातलीही एक आहे. पिवळी, कडा कुरतडलेली. सगळ्या कपाटात मला तीच आवडली. ती कुणीतरी वाचली आहे.

पत्रांची गोष्ट निराळी. पुस्तकाच्या वीस हजार प्रती असतात, पत्र एकच. विकत घेतलं तरी कागद तेवढा आपला, त्यातला मजकूर छापण्याचा हक्क कागदाबरोबर येत नाही. जावयांना एकही परवडलेलं नाही. “एक जरी मिळालं ना आई…” म्हणाले आणि पुढे लेकीकडे बघून थांबले.

फिट्झजेराल्डचे बहुतेक कागद जावयांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, प्रिन्स्टनला आहेत. ज्या विद्यापीठातून तो पदवी न घेता सैन्यात गेला, तिथेच १९५० साली त्याच्या मुलीने, स्कॉटीने, ते दिले. तिला त्याने लिहिलेली पत्रं मी छापील पुस्तकात वाचली. अकरा वर्षांची ती सुट्टीत शिबिराला गेलेली असताना, ऑगस्ट १९३३ मध्ये, त्याने काळजी कशाकशाची करायची याची यादी तिला पाठवली आहे: धैर्य, स्वच्छता, कामातली तडफ, घोडेस्वारी. कशाची करायची नाही, ती यादी लांब आहे. लोक काय म्हणतील, बाहुल्या, झालं गेलं, डास, माश्या, एकूणच किडे, आईबाप, मुलगे. आणि ‘पॅपी’ म्हणालीस तर पांढऱ्या मांजराला फटके देईन अशी धमकी. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याची लांबच लांब पत्रं आली, तेव्हा ती काय करायची, हे तिनेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. चेक आहे का बघायचं, काही बातमी आहे का बघायचं, आणि उजवीकडच्या खालच्या खणात टाकून द्यायचं.

हे मी रात्री जेवताना सांगितलं. लेक हसली. म्हणाली, “मीही तेच करायचे. मनीऑर्डरबद्दल काही लिहिलंय का, तेवढं आधी बघायचे.” ती सांगलीला इंजिनिअरिंगला होती, हॉस्टेलवर. तिची पत्रं आली की मी त्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून, माझ्या पत्राबरोबर तिला परत पाठवायची. ह्याचा मला आता फारसा अभिमान वाटत नाही.

ती उठली आणि वरून एक बिस्किटांचा डबा घेऊन आली. आत माझी अंतर्देशीय पत्रं, निळी, घड्यांवर फाटलेली. अमेरिकेपर्यंत आणलेली. मी तर कधीच गेली असतील असं धरून चालले होते. जावयांनी जेवणाचे हात धुतले, कोरडे केले, पंचा अंथरला आणि एकेक उलगडून वाचायला लागले. १९९९ मधल्या एका पत्राशी थांबले.

“आई, हे बघा. चौथी ओळ.”

‘तब्येतीची काळजि घे.’ पहिली वेलांटी. ऱ्हस्व. माझ्या हातची. त्या आठवड्यात तिला कावीळ झाली होती आणि मला रजा मिळत नव्हती, हे आठवलं.

मी पेन्सिल मागितली. जावयांनी पत्र उचलून आपल्या बाजूला घेतलं.