काठमांडूला मुलांसाठी गेले आणि अडीच महिने फायली स्कॅन केल्या

मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीला नेपाळला जाऊन अनाथाश्रमात महिनाभर शिकवायचंय, तिने मला विचारलं ताई तू गेली होतीस ना, प्रोसेस काय असते. मी तिला व्हॉट्सॲपवर अकरा व्हॉइस नोट पाठवल्या, तिने बहुतेक दोनच ऐकल्या, म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढते.

२०२३ ची गोष्ट. पुण्यात अकाउंट्समध्ये होते, मार्च एंड संपला आणि राजीनामा टाकला. पुढची नोकरी दिवाळीनंतर बघू म्हटलं आणि मधल्या काळात काहीतरी "चांगलं" करायचं डोक्यात घेतलं. आईने कराडहून फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "अगं, आपल्याकडे पोरं नाहीत का?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की इन्स्टावर एकीचे फोटो बघितले होते, मागे डोंगर, कडेवर बाळ, भोवती दहा-बारा मुलं हसतायत, आणि मला तो फोटो पाहिजे होता. आज लिहायला लाज वाटते पण तसंच होतं.

पहिली जी संस्था सापडली तिथे अर्धा तास पण लागला नाही. ऑनलाइन फॉर्म, दोन आठवड्यांचे चारशे डॉलर, राहणं-जेवण त्यातच, अनाथाश्रमातच खोली. त्यांनी मला काय विचारलं तर नाव, यायची तारीख, शाकाहारी का, आणि टी-शर्टचा साइज. ओळखपत्र नाही, आधी कुठे काम केलं ते नाही, काहीच नाही. मी खूश, किती सोप्पं! माझी एक मावसबहीण बालकल्याण समितीच्या कामात असते, तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे उद्या कोणीही माणूस चारशे डॉलर देऊन त्या मुलींच्या शेजारच्या खोलीत झोपू शकतो, बरोबर?" झालं. ते वाक्य डोक्यातून जाईना. डॉलर भरून झाले होते, ते काही परत मिळाले नाहीत.

मग वाचायला बसले आणि हळूहळू कळायला लागलं की नेपाळातल्या बालगृहांमधल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. आणि ही बालगृहं कुठे आहेत तर जास्त करून काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे टूरिस्ट जातात तिथेच. गरिबी तर हुमला, जुमला अशा लांबच्या जिल्ह्यांत, पण अनाथाश्रम मात्र एअरपोर्टजवळ. माओवादी युद्धाच्या काळात, १९९६ ते २००६, दलाल गावात जायचे, मुलाला शहरात चांगल्या शाळेत घालतो म्हणायचे, आईबाप घाबरलेले, जनावरं विकून, कर्ज काढून पैसे द्यायचे. मूल इकडे अनाथ म्हणून दाखवलं जायचं. २०१५ च्या भूकंपानंतर परत तेच व्हायला नको म्हणून सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीवरचा कायदा करताना या अनाथाश्रमाच्या धंद्याचा पण विचार केला. आणि मी टी-शर्टचा साइज भरून बसलेली.

दुसरी संस्था मावसबहिणीनेच शोधून दिली. मुलांना परत घरी पोचवायचं काम करणारी, काठमांडूला लागूनच असलेल्या ललितपूरला ऑफिस. त्यांना मेल टाकला तर उत्तर आलं, धन्यवाद, आम्ही व्हॉलंटियरना मुलांसोबत ठेवत नाही, तरी यायचं असेल तर तुम्हाला काय येतं ते लिहा. मला राग आला. खरंच आला. फुकट काम करायला येतेय आणि वर हे! दोन दिवसांनी लिहिलं की एक्सेल येतं, टॅली येतं, हिंदी-मराठी वाचता-लिहिता येतं.

त्यानंतरची प्रोसेस जवळजवळ तीन महिने चालली. दोन रेफरन्स, त्यातला एक घरच्यांपैकी नको. माझ्या जुन्या सरांना त्यांनी खरंच व्हिडिओ कॉल केला आणि वीस मिनिटं माझ्याबद्दल विचारलं, सरांनी मला नंतर फोन करून "तू काय मिल्ट्रीत चाललीयेस का" म्हणून विचारलं. मग पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ऑनलाइन अर्ज, फी, आणि मग स्थानिक चौकीत चकरा. हवालदार म्हणाले पासपोर्टसाठी का, म्हटलं नाही, म्हणाले नोकरीसाठी का, म्हटलं नाही, फुकट काम करायला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच संशय यायला लागला. तीन आठवडे लागले. व्हिसाचं टेन्शन आपल्याला नसतं कारण भारत-नेपाळचा १९५० चा करार आहे, पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड चालतं (आधारवर जाऊ नका). बाकी देशांच्या लोकांना टूरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरिंग करताच येत नाही, तरी हजारो करतात.

इंटरव्ह्यू मात्र लक्षात राहील असा झाला. ज्या ताई घेत होत्या, त्यांना सगळे दिदी म्हणायचे, त्यांनी विचारलं, अनोळखी मूल पळत येऊन तुझ्या मांडीवर बसलं तर काय करशील? मी म्हटलं, जवळ घेईन. त्या म्हणाल्या, तुझ्या स्वतःच्या भाचीने बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईच्या मांडीवर उडी मारली तर तुला गोड वाटेल का? नाही वाटणार. घाबरेनच मी. मग त्यांनी समजावलं की जी मुलं कुणालाही लगेच बिलगतात त्यांच्या आयुष्यातली माणसं सारखी बदलत राहिलेली असतात, दर दोन आठवड्यांनी नवीन ताई येते, जीव लावते, रडत रडत निघून जाते, आणि पुढच्या सोमवारी परत दुसरी. माझ्या त्या इन्स्टावाल्या फोटोतली मुलं तशीच बिलगलेली होती. इंटरव्ह्यू संपल्यावर मी परत तो फोटो उघडला आणि फोन पालथा ठेवून दिला.

शेवटी बाल संरक्षण धोरणावर सही. मुलांचे फोटो नाहीत, नावं बाहेर सांगायची नाहीत, भेटवस्तू नाहीत, एकट्याने कुठल्याच मुलासोबत थांबायचं नाही, फेसबुकवर ॲड करायचं नाही. त्यामुळे इथे पण मी कोणाचे तपशील देत नाहीये.

ऑगस्टमध्ये निघाले. पुणे-गोरखपूर ट्रेन, तिथून बसने सोनौली, सीमेवरची कमान चालत ओलांडली की नेपाळ, पलीकडे भैरहवावरून रात्रीची काठमांडू बस. पावसात मुगलिनच्या रस्त्याला दरड पडलेली, पाच तास एकाच जागी. पैशाचं सांगते, तेव्हा तिकडे शंभरच्या वरच्या भारतीय नोटा चालत नव्हत्या म्हणून शंभरच्या बंडलाने माझी पर्स विटेएवढी झाली होती. शंभराचे तिकडचे एकशे साठ, हा हिशोब पक्का आहे, बदलत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. सुट्टी फक्त शनिवारी, रविवारी सकाळी दहाला ऑफिस, हे शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या काकांनी मला "बहिनी" म्हणून हाक मारली, मला ऐकू आलं वहिनी, मी दचकलेच. धाकटी बहीण असा अर्थ निघाला.

काम काय तर सरकारने बंद केलेल्या एका बालगृहाच्या जुन्या फायली. स्कॅन करायच्या आणि एक्सेलमध्ये भरायच्या. माझ्याआधी एक डच मुलगी होती, हुशार होती पण तिला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून फायली तशाच पडून. माझ्याकडून सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट कुठली ठरली तर पहिलीत गिरवलेली बाराखडी! हाताने लिहिलेलं, कुठे शाई पसरलेली, ५ आणि ८ जरा वेगळ्या वळणाचे, पण आठवड्यात डोळा बसला. जन्मतारखा विक्रम संवतातल्या, जन्म २०६८ वाचून पहिल्यांदा वाटलं हे मूल अजून जन्मायचंय. साधारण ५७ वर्षं वजा करायची, महिन्यांचा हिशोब वेगळा.

एक शब्द मात्र सारखा टोचायचा. प्रत्येक फाइलमध्ये मूल का आणलं या रकान्यात लिहिलेलं, "शिक्षा". नेपाळीत आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला माहीत आहे हो, पण दिवसातून चाळीस वेळा मराठी डोळ्यांनी वाचायचं, वय सहा, जिल्हा हुमला, आणण्याचे कारण शिक्षा.

एका फाइलमध्ये वडिलांची मृत्यु दर्ता, म्हणजे मृत्यूची नोंद होती, शिक्का, सही, वडा (वॉर्ड) कार्यालयाचं शिफारसपत्र, सगळं व्यवस्थित. आठ पानं पुढे संस्थेच्या कार्यकर्त्याची चिठ्ठी, "बाबुसँग फोनमा कुरा भयो". म्हणजे वडिलांशी फोनवर बोलणं झालं. मी दोन-तीनदा मागेपुढे केलं, मला वाटलं कागद मिसळले. दिदींना नेऊन दाखवलं, त्या शांतपणे म्हणाल्या, तो कागद नसता तर बालगृहाने मूल घेतलंच नसतं, म्हणून करून आणला. कधीकधी तर बापच अंगठा देतो, शाळा मिळेल म्हणून. त्यांनी मला एक्सेलमध्ये "मृत (कागदावर)" असा वेगळा रकाना करायला सांगितला. निघताना त्यात २३ नावं होती.

हे सगळं लिहिताना मनात येतं की आपल्याकडे बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात ते याच्यासाठीच, मूल संस्थेत न जाता घरच्यांकडे राहावं म्हणून. मला हे माहीतच नव्हतं, परत आल्यावर मावसबहिणीने सांगितलं. म्हणजे आईचा पहिला प्रश्न बरोबरच होता.

मुलं मी पाहिली ती फक्त एकदा. दसैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या आधी सहा मुलं पहिल्यांदा गावी चालली होती, नेपाळगंजला बसने आणि तिथून हुमलातल्या सिमिकोटला छोट्या विमानाने, सोबत संस्थेची माणसं. माझं काम बॅगांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. एका मुलाने मला नेपाळीत विचारलं, घरी कुत्रा असेल का? मला कळलं पण उत्तर येईना, तेवढ्यात त्याला हाक आली. सगळ्यांनाच तिकडे राहायचं होतं असंही नाही, एक मुलगी तर परत यायचंच म्हणून रुसून बसली होती, तिला गावाकडची बोली येत नव्हती आता. दिदी म्हणाल्या, हे पहिलंच वर्ष आहे, अजून चार-पाच दसैं जातील.

ऑक्टोबरच्या शेवटी घरी आले. आईने चहा टाकला आणि म्हणाली दाखव बघू तुझी पोरं. मी फोन दिला. तिने बराच वेळ वर-खाली केलं, स्वयंभूचा स्तूप, मोमो, पावसातला रस्ता, परत मोमो. मग चष्मा वर करून म्हणाली, "आणि हे झेरॉक्सचं मशीन कशाला काढलंयस?"