बंद… आणि पुढचे तीन शब्द

एका जिल्हा दैनिकाच्या ॲपचं काम माझ्याकडे आलं तेव्हा बातम्यांच्या यादीचा स्क्रीन मी दोन दिवसांत फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर उभा केला. सगळ्या चौकटी एका उंचीच्या, डावीकडे फोटो, उजवीकडे दोन ओळींचा मथळा. तिसरी ओळ आलीच तर तीन टिंबं. आत सगळा इंग्रजी नमुना मजकूर. दिसायला देखणं होतं, हे मी आजही म्हणेन.

खरे मराठी मथळे ओतले आणि पहिली रड सुरू झाली मात्रांची. ओळीची उंची मी अक्षराच्या १.२ पट ठेवली होती. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं. पण ‘मूर्तींची’ लिहून बघा: एकाच ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, आणि वरच्या ओळीतले उकार त्यांच्यावर लोंबायला टपलेले. दीडपटीच्या पुढे गेल्यावर कुठे अक्षरांना श्वास घेता आला. त्यात ल आणि श हिंदी वळणाचे. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं की पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. हे एका ओळीचं काम, पण कुणी केलेलं नसतं.

चाचणीची आवृत्ती बाबांच्या फोनवर टाकली. त्यांनी अक्षर आधीच भलं मोठं करून ठेवलेलं (अँड्रॉइड १४ पासून ते दुपटीपर्यंत नेता येतं). माझ्या चौकटीची उंची मात्र ठरलेली, त्यामुळे अक्षर वाढलं आणि मथळ्यातले शब्द घटले. दुसऱ्या दिवशी घरी गेले तर मोरीत ड्रम, बादल्या, कळशा, अगदी कुकरसुद्धा भरलेला. बाबांनी बातमी दाखवली: ‘शहराच्या पूर्व भागातील पाणीपुरवठा गुरुवारी दिवसभर बंद…’

मी ती उघडली. पूर्ण मथळा होता ‘…बंद ठेवण्याचा निर्णय मागे’.

आई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती सांगत नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजी मथळ्यात क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं. शेपूट कापली तरी काय झालं ते बहुधा कळतं. आपल्याकडे ‘नाही’, ‘रद्द’, ‘फेटाळला’ ही सगळी मंडळी वाक्याच्या टोकाला बसतात. तीन टिंबं नेमकी तीच खातात. छापील अंकात असं होत नाही, कारण दोन कॉलमांत मथळा मावला नाही तर उपसंपादक हातानं शब्द बदलतो. मी त्याच्या जागी टिंबं नेमली होती.

ओळींची मर्यादा काढली, चौकटीची उंची मजकुराप्रमाणे वाढू दिली, फोटो अर्धा केला. यावरून संपादकांशी दोन बैठका झाल्या. त्यांचं म्हणणं, आधी एका स्क्रीनवर सहा बातम्या दिसायच्या, आता चारच. मी वाद न घालता बाबांच्या फोनचा फोटो पुढे ठेवला. संपादक हसले, पण बातमीचा फोटो अर्धा करायला त्यांनी आणखी एक आठवडा घेतला.

नोटिफिकेशनचं दुखणं राहिलंच. लॉक असलेल्या फोनच्या स्क्रीनवर किती अक्षरं दिसावीत हे माझ्या हातात नाही, ते फोन आणि वाचणाऱ्यानं ठेवलेला अक्षराचा आकार ठरवतात. म्हणून तिथे निकाल आधी लिहायचा असं ठरलं: ‘पाणी येणार: गुरुवारचा बंद मागे’. रात्रपाळीच्या मंडळींना हे उलटं लिहिणं जड जातं. त्यांच्या लिहायच्या चौकटीत मी आता एक लाल रेघ दिलीय, मोठ्या अक्षरात मथळा साधारण कुठे तुटेल ते दाखवणारी. ती रेघ काढून टाकावी अशी मागणी आत्तापर्यंत तीनदा आली आहे.