एवढासा थर टिकतो कसा?

कोटिंगच्या शॉपमध्ये काम करते म्हटलं की लोकांना आधी रंगकाम वाटतं. मग इंजिनातली एखादी काळीभोर पिस्टन पिन, म्हणजे पिस्टनला दांड्याशी जोडणारी पोलादी पिन, हातात ठेवली की ती उजेडात फिरवत हमखास विचारतात, “दोन मायक्रॉनचा थर? मग घासून जात कसा नाही?” परवा चुलतभावानेही हेच विचारलं.

प्रश्न रास्त आहे. डोक्याचा केससुद्धा साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यात हा थर कार्बनचा, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचा भाऊबंद. त्याला डीएलसी म्हणतात, डायमंड लाइक कार्बन. हे नावच घोटाळा करतं. हिरा ऐकला की सगळे कडकपणाकडे धावतात. कडक तो आहेच. कडक केलेलं पोलाद विकर्सवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापावर, ७०० च्या आसपास येतं, हा २००० च्या वर. पण नुसतं कडक काचही असते.

खरी गंमत ताठरपणात आहे. ताठरपणा यंग मापांकाने मोजतात. हिऱ्याचा तो १००० गिगापास्कलच्या वर, पोलादाचा साधारण २१०. आपल्या डीएलसीत कार्बनसोबत हायड्रोजनही असतो; त्याचा दीडशे-दोनशे, म्हणजे पोलादाच्या शेजारीच. भार आला की पिन किंचित दबते, थरही तिच्याबरोबर दबतो आणि भार गेला की परत येतो. टायटॅनियम नायट्राइड हे दुसरं, सोनेरी कोटिंगही चांगलंच कडक, पण पोलादाच्या दुप्पट ताठ. खालचं पोलाद दबलं की ते अडून बसतं.

हे डोळ्यांनी दिसतं. कडकपणा तपासायच्या रॉकवेल मशीनवर १५० किलोच्या भाराने हिऱ्याचा शंकू दाबायचा आणि खड्ड्याची कड मायक्रोस्कोपखाली बघायची. चांगल्या थराला कडेने केसासारख्या बारीक चिरा असतात, बाकी काळं जागच्या जागी. खवले उडालेले दिसले की बॅच गेली.

आता गुळगुळीतपणा. सुरुवातीला थराचा थोडा अंश समोरच्या भागावर चढतो, मग कार्बनच कार्बनवर घसरतो. पृष्ठभागावरच्या अणूंचे मोकळे हात हायड्रोजनने धरलेले असतात, त्यामुळे ते समोरच्याला चिकटत नाहीत. २००० च्या सुमारास अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अशा थराचा घर्षणांक कोरड्या नायट्रोजनमध्ये ०.००१ ते ०.००३ पर्यंत उतरला होता. दमट हवेत तो आकडा विसरा, तिथे ०.१ च्या आसपास मिळाला तरी पुष्कळ. ग्रॅफाइटचं नेमकं उलटं: त्याला घसरायला हवेतली वाफ लागते. एकाच कार्बनची दोन पोरं आणि स्वभाव असे!

उष्णता मात्र याला सोसत नाही. साडेतीनशे अंशांच्या आसपास हायड्रोजन सुटायला लागतो, आणि मग थर ग्रॅफाइटकडे झुकतो.

शिवाय थरात आतून ताण असतो, म्हणून तो नुसत्या पोलादावर धरत नाही; खाली आधी क्रोमचा पातळ थर द्यावा लागतो. आणि पिन अगदी स्वच्छ हवी. नवीन होते तेव्हा एका दुपारी घाईत मी हातमोजा न घालता एक पिन फिक्श्चरला, म्हणजे पिना धरून ठेवणाऱ्या चौकटीला, लावली. दुसऱ्या दिवशी कोटिंगच्या चेंबरमधून काढली तर काळ्या थरात चंदेरी अंगठा उमटलेला, रेषा मोजता येतील असा.

तेव्हापासून तयार पिन कोणीही कितीही हाताळो. कोटिंगच्या आधीची मात्र मी कोणाच्या हातात देत नाही.