जँगोमध्ये ट्रान्झॅक्शनच्या टेस्ट लिहिताना: माझा अनुभव

फंक्शन साधंच होतं: वस्तूचा साठा एकने कमी करायचा, ऑर्डरची नोंद करायची आणि सगळं पक्कं झालं की ग्राहकाला ईमेल पाठवायचा. जँगो 4.2 (पायथनमधली वेब फ्रेमवर्क), खाली पोस्टग्रेस डेटाबेस. हे सगळं अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (एकच ट्रान्झॅक्शन: आतलं सगळं पक्कं होतं, नाहीतर काहीच नाही) होतं आणि ईमेल ऑन-कमिटवर टांगलेला, म्हणजे कमिट होऊन बदल पक्के झाल्यावरच जाणारा. कोड लिहायला अर्धा तास पुरला, टेस्टनी मात्र दोन दिवस खाल्ले.

मूळ अडचण जँगोच्या नेहमीच्या टेस्टकेसमध्येच आहे. तो प्रत्येक टेस्ट आधीच अ‍ॅटॉमिकमध्ये गुंडाळतो आणि शेवटी रोलबॅक करतो, म्हणजे बदल मागे घेतो. टेस्ट झपाझप होतात हे खरं, पण आपला अ‍ॅटॉमिक आत गेल्यामुळे नुसता सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या आतली, मागे येण्यासाठीची खूण) उरतो आणि खरा कमिट होतच नाही. म्हणजे जे तपासायचं, तेच झाकलेलं.

त्यामुळे ईमेलची टेस्ट पहिल्याच फटक्यात नापास झाली. कमिट नाही, म्हणून कॉलबॅक (ऑन-कमिटवर टांगलेलं फंक्शन) नाही, म्हणून टेस्टमधले ईमेल जिथे साठतात तो आउटबॉक्स रिकामा. जँगो 3.2 पासून यासाठी 'कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स' मिळतं. फंक्शनची हाक त्या ब्लॉकमध्ये ठेवायची आणि 'एक्झिक्यूट' ट्रू करायचं. ते ट्रू करायला विसरलात तर कॉलबॅक यादीत दिसतात, चालत मात्र नाहीत.

पुढचा अडथळा इंटिग्रिटी एररचा, म्हणजे डेटाबेसचा नियम मोडल्यावर येणाऱ्या एररचा. एकच ऑर्डर क्रमांक दोनदा घातला, एरर अपेक्षेप्रमाणे आली आणि मी ती पकडली. मग खालच्या ओळीत रेकॉर्ड मोजायला गेलो, तर ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट एरर. ट्रान्झॅक्शन एकदा बिघडलं की पोस्टग्रेस त्यात पुढची क्वेरी घेत नाही, आणि इथे बिघडलेलं ट्रान्झॅक्शन खुद्द टेस्टचंच. उपाय म्हणून बाहेर असर्ट-रेझेस (ही एरर यायलाच हवी असं तपासणारा ब्लॉक), त्याच्या आत छोटा अ‍ॅटॉमिक आणि त्याच्या आत क्रिएट. मग सेव्हपॉइंटपर्यंतच मागे जातं आणि बाकीची टेस्ट चालू राहते. खऱ्या कोडमध्येही हाच क्रम ठेवावा: ट्राय बाहेर, अ‍ॅटॉमिक आत.

रोलबॅक झाला तरी पायथनच्या ऑब्जेक्टमधले आकडे आपोआप जुने होत नाहीत. 'रिफ्रेश फ्रॉम डीबी' करून ते डेटाबेसमधून पुन्हा वाचल्याशिवाय साठ्यावर असर्ट लिहू नये.

सगळ्यात फसवा प्रकार सिलेक्ट-फॉर-अपडेटचा, म्हणजे रो वाचतानाच ती लॉक करण्याचा. ते अ‍ॅटॉमिकबाहेर चालवलं तर एरर यायला हवी, पण टेस्टकेसचं वेष्टण असल्यामुळे येत नाही. 'अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स' (प्रत्येक वेब रिक्वेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळणारं सेटिंग) चालू असेल तर वेबवरही निभावतं आणि मग रात्रीच्या मॅनेजमेंट कमांडमध्ये (वेबबाहेर चालणाऱ्या कामात) फुटतं. एसक्यूलाइटवर तर हे लॉक लागतच नाही, त्यामुळे तिथल्या हिरव्या (पास झालेल्या) टेस्टला अर्थ नाही.

म्हणून लॉकच्या टेस्टसाठी ट्रान्झॅक्शनटेस्टकेस घेतला. त्यात खरे कमिट होतात आणि टेस्ट संपली की टेबलं रिकामी केली जातात. तो हळू चालतो, म्हणून मोजक्याच टेस्ट तिकडे टाकाव्यात. मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलने) भरलेला डेटाही पुसला जातो. तो हवा असेल तर 'सीरियलाइज्ड रोलबॅक' ट्रू करावं.

दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली, सोबत चालणारी कामं) एकदम सोडून काय होतं ते बघणं हा नशिबाचा खेळ आहे. मी केलं ते असं. साठा 1. मुख्य थ्रेडने अ‍ॅटॉमिक उघडून ती रो लॉक केली आणि साठा 0 केला, पण ब्लॉक उघडाच ठेवला. मग थ्रेडपूल एक्झिक्यूटरमधून ऑर्डरचं फंक्शन दुसऱ्या थ्रेडमध्ये सोडलं, अर्धा सेकंद थांबलो आणि ब्लॉक बंद केला. फंक्शनमध्ये लॉक असेल तर ते वाचतानाच अडकून राहतं, कमिटनंतर 0 वाचतं आणि 'साठा संपला' म्हणतं. लॉक नसेल तर जुना 1 वाचून तपासणी पार करतं, फक्त अपडेटपाशी थांबतं आणि एकच वस्तू दोनदा विकतं. 'लॉक टाइमआउट' (ठरल्या वेळात लॉक मिळाला नाही तर एरर) लावून तपासायचा मोह होतो, पण साधा अपडेटही लॉकवर थांबतोच, त्यामुळे त्या टेस्टला दोन्हींतला फरक कळत नाही.

थ्रेडमधली एरर आपणहून टेस्टपर्यंत पोचत नाही. फ्युचरचा (काम सोडल्यावर एक्झिक्यूटर देतो त्या पावतीचा) 'रिझल्ट' मागितला तरच ती वर येते, आणि तो मागायचा ब्लॉक बंद झाल्यावर. आत मागितला तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. शिवाय प्रत्येक थ्रेडचं कनेक्शन वेगळं असतं. थ्रेडच्या फायनलीमध्ये (शेवटी हमखास चालणाऱ्या भागात) ते बंद केलं नाही, तर सगळ्या टेस्ट पास होऊनही शेवटी टेस्ट डेटाबेस पुसताना पोस्टग्रेस तक्रार करतो की तो अजून कुणीतरी वापरतंय.

हे सगळं बसल्यावर फंक्शनमधलं सिलेक्ट-फॉर-अपडेट मुद्दाम काढून टेस्ट पुन्हा चालवली. लाल झाली, मगच ती ओळ परत घातली.